शकुनसाठी वटाण्याच्या शेंगा

अकोट,
पौष शुद्ध पंचमी, शके १८५६

तीर्थरूप आत्याबाई,

तुमच्या पायांवर वच्छलेचं डोकं. इकडे सगळं ठीक. थंडी फार पडली आहे, तूर बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? पत्र मामाजीच वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनाही इथेच नमस्कार. मामाजी, मधल्या ओळी गाळायच्या नाहीत. तुमच्या घरी सून म्हणून पाच वर्षं काढली आहेत मी, तुमची खोड मला ठाऊक आहे.

परवा तुमच्या गावचे नत्थुजी इथल्या बाजारात बैल घ्यायला आले होते. अंगणात उभ्यानेच तुमचा निरोप सांगितला, "तुह्या आत्याबाईनं इचारलं, वटाण्याच्या शेंगा सालासकट कशा करत होती तू? त्याइले जमून नाही राहिल्या." मला हसू आलं. याच शेंगांवरून तुम्ही मला किती बोललात! "दाने भरू देत नाही, बकरीवानी सालंच खाते," म्हणत होतात. आता बकरीची आठवण झाली वाटतं.

तर ऐका. शेंगा विहिरीजवळच्या वाफ्यातल्याच घ्या. दाणा धरायच्या आधीच्या, चपट्या. बोटाने वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. दोन्ही कडांचे दोरे नीट काढा, एकही राहू देऊ नका, घशात अडकतो. शेंगदाणे आधी भाजून, सालं पाखडून, जाडसर कुटून ठेवा. पीठ करू नका. तुमचा हात कुटायला बसला की थांबत नाही.

तेल चांगलं तापलं की जिरं, ठेचलेला लसूण, एकच मिरची, तीही उभी चिरून, म्हणजे काढून टाकता येते. मग शेंगा टाका आणि जाळ मोठा ठेवा. झाकण ठेवायचं नाही! तिथेच तुमचं चुकत असणार. झाकलं की शेंग मऊ पडते, हिरवा रंग जातो आणि दाताखाली वाजत नाही. तिला वाजलेली लागते. मीठ टाकून चार वेळा परता, खाली उतरवा, आणि मग दाण्याचा कूट, देठापानांसकट चिरलेला हिरवा सांभार आणि ओल्या लसणाची पात. विस्तवावर असताना पाला टाकायचा नाही. वरून थोडी चारोळी. चांदूरच्या बाजारात डोंगरातली माणसं आणतात ती. ती चारोळीचे दाणे बोटाने वेचते, पहिला माझ्या तोंडात घालते, मगच घास घेते.

तिला, तिला असंच लिहीत आले. नाव लिहायला हात धजत नव्हता. शकुन.

नत्थुजी निरोप सांगून निघाले होते. मीच विचारलं, पोर कशी आहे? म्हातारा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "जेवून नाही राहिली बाई. ताट घेऊन फाटकापाशी बसते. माय आली का जेवतो म्हन्ते. हाडं दिसून राहिली पोरीची." आत्याबाई, हे तुम्ही निरोपात का नाही सांगितलंत? मला त्रास होऊ नये म्हणून? नत्थुजी गेल्यावर मी गोठ्यात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

विधवेने पाट लावून दुसरं घर केलं की पहिल्या घरचा उंबरा बाईला बंद, आणि लेकरू बापाच्या घरचं. पंचांनी सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे हे घरधनी, पुंजाराम, माणूस वाईट नाही. काल रात्री भाकरी खाताना म्हणाले, "मी जाऊन तुह्या मामाजीच्या पाया पडतो. पोरीले मांगतो." मीच नको म्हटलं. मामाजी, खाकरू नका, वाचा. पटकीने शकुनचा बाप गेला, त्याचं तुमच्या घरात तेवढंच उरलं आहे. ती निघाली तर आत्याबाई चूल कुणासाठी पेटवतील? मला ते दिसतं. म्हणून मागत नाही. मागावंसं वाटत नाही असं मात्र समजू नका. रोज वाटतं.

कृती लिहून झाली, पण आत्याबाई, आता माझं ऐका. तशा करू नका.

तशाच जमल्या तर शकुनला वाटेल, माय स्वयंपाकघरात आली. ती ताट टाकून आत धावेल आणि तुम्ही एकट्याच चुलीपाशी बसलेल्या दिसाल. असं तिला रोज होऊ देऊ नका. तुम्ही कशातही जवसाची चटणी घालता ना, ती या शेंगांत घाला. झाकण ठेवा. तुमच्या हाताच्या होऊ द्या. दोनचार दिवस ती तोंड वाकडं करील, तुम्हाला मारीलही. मग पोटच तिला खायला लावील. आणि एक दिवस भूक लागली की ती "आजी" म्हणून ओरडेल. माझ्या नावाने नाही.

तिने जगावं, आत्याबाई. माझ्या हातची चव जाऊ दे.

वडिलांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिहायची रीत आहे. त्या घरात लहान एकच आहे. आशीर्वाद लिहिला आहे. तिला सांगू नका.

वच्छला