चादरीच्या पट्ट्या

॥ श्री ॥
९ जानेवारी

चि. ठमीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं टपाल मिळालं. दोन कोऱ्या वह्या, दोऱ्याचं रीळ आणि पत्र. वर तिकिटं बावीस रुपयांची! वह्या सुरेख बांधल्यास, पण पुढच्या वेळी नुसतं पत्र पुरे.

बोटांवरचा इसब पुन्हा उठला हे वाचून चैन पडेना. रक्ताचा एक डाग पानावर पडला तरी तुला शिवायला दिलेला तो मोठा ग्रंथ काढून घेऊ, असं तुमच्या बांधणीखात्याच्या बाई म्हणाल्या म्हणे. डॉक्टरीणबाईंनी नवं मलम दिलं आणि ते स्टेरॉइडचं नाही, हे कळल्यावर जरा जीव भांड्यात पडला. शेजारच्या काकूंनी ते स्टेरॉइडचं मलम कुणाला न विचारता वर्षभर चोळलं, आता कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे.

पण ट्यूब केवढीशी आणि किंमत केवढी! लावलेलं इकडेतिकडे पुसून जायचं. म्हणून जुन्या सुती चादरीच्या पट्ट्या कडा शिवून पाठवते आहे. मलम लावलं की वरून घट्ट बांध, कणभरही वाया जाणार नाही. देव पाठीशी आहेच.

तुझी,
मावशी


३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न.

पट्ट्या पोचल्या. तुझा टाका बघून बाई म्हणाल्या, हिला आधी कामावर घ्या.

रागावणार नसलीस तर सांगते. बांधण्याआधी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "या मलमावर पट्टी अजिबात बांधायची नाही." पातळ थर, तोही लाल झालेल्या जागीच, आणि त्या सांगतील तोवरच. जागा चिघळली तर थांबवून दाखवायला जायचं. सुरुवातीला मिरचीचा हात लागल्यासारखं झोंबलं. मी सोडूनच देणार होते, पण हे बहुधा आपोआप ओसरतं, नाही ओसरलं तर या, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. ओसरलं. लावलेली जागा उन्हापासून जपते, आणि खळीत हात घालताना हातमोजे घालते.

परवा बाईंनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली. एकही भेग नव्हती. ग्रंथ माझ्याकडेच राहिला, काल शिवून झाला. आणि तुझ्या पट्ट्या? ग्रंथाच्या कण्याला आतून लावायला असंच धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड लागतं. सगळ्या तिथे गेल्या.

तुझी,
ठमी


१० फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

रागावते कशाला? तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, तुझा शब्द मोडायची छाती पोरीच्या आईलाही कधी झाली नाही. मी म्हटलं, मोडला कुठे, पोरीने नुसतं विचारलं. झोंबत असताना धीर धरलास आणि मायेने पाठवलेलं बांधायच्या आधी थांबलीस, हे मला सुचलं नसतं. आज देवापुढे तुझ्या बोटांसाठी मागायला बसले आणि नुसते आभार मानून उठले.

काकू तुझी उरलेली ट्यूब मागत होत्या. ती ठमीसाठी लिहून दिलेली आहे, तुम्ही स्वतः दाखवून या, असं सांगितलं. उद्या जाणार आहेत.

माझी चादर ग्रंथाच्या कण्यात बसली, हे इथे कुणाला खरं वाटत नाही. तिच्या जोडीची चादरही मधोमध विरली आहे. कापू की अख्खी पाठवू, ते उलट टपाली कळव.

तुझी,
मावशी