दुपारी अडीचची लिफ्ट

३ फेब्रुवारी, सोमवार

नववी! इयत्ता नव्हे, ती मी पास आहे. दहावीत अडकले. या घरात मूल सांभाळायला आलेली नववी बाई मी. आधीच्या आठ जणी दीड वर्षात उडाल्या. एजन्सीवाल्या काकू रस्त्यात म्हणाल्या, "बाळा, घर चांगलं आहे, पण पोरगी तिखट. कुणी टिकत नाही." म्हटलं, काकू, मी पण कुठे टिकत नाही. जमेल आमचं!

सातवा मजला. आई दातांची डॉक्टर. बाबा पूल बांधतात, सध्या कुठल्या तरी लांबच्या नदीवर आहेत. पोरगी साडेतीन वर्षांची. आल्या आल्या तिने माझ्या शर्टाची खालची तीन बटणं काढली, लावली, परत काढली. म्हणून या वहीत ती बटण. मला खालून वर बघितलं, आईला म्हणाली, "नवी आली." आणि गेली खेळायला. मी नाव सांगितलं. "नवी," म्हणाली. पुन्हा सांगितलं. "नवी." बरं बाई, नवी तर नवी.

मॅडमची अट एकच. दुपारची झोप. "बाकी सगळं मी चालवून घेईन गं. पण ती दुपारी झोपली नाही की संध्याकाळी नुसता थयथयाट. दिवसातले दोन तास माझ्या वाट्याला येतात, ते तिच्या रडण्यात जातात. गेल्या कितीतरी जणींना जमलं नाही." अठ्ठावीस तारखेपर्यंत बघणार. नाही झोपली तर दहावी शोधणार.

आज झोपली नाही. सहाला निघताना दारात माझी एकच चप्पल! दुसरी वॉशिंग मशीनमध्ये. खोडकर आहे कार्टी.

४ फेब्रुवारी

झोपली नाही. चप्पल खेळण्यांच्या बादलीत.

६ फेब्रुवारी

सगळे उपाय करून झाले. पडदे ओढले, गाणी म्हटली, पाठ थोपटली, पंख्याची पाती मोजली. तीन पाती, मोजून मोजून किती मोजणार! मीच पेंगले. डोळे उघडले तर बटण माझ्या नाकापासून चार बोटांवर बसलेली. टक्क जागी. डोळे लाल, पण मिटायचे नाहीत म्हणजे नाहीत. चक्क स्वतःच्या पापण्या बोटांनी वर धरल्या होत्या! एवढी जिद्द मी दहावीला दाखवली असती तर आज कुठल्या कुठे असते.

बाकी मात्र सगळं जमतंय, हे लिहून ठेवते. जेवण वीस मिनिटांत. आधी तासभर चालायचं म्हणे. मी काही केलं नाही, फक्त मागे लागले नाही. माझी माझी जेवत बसले. तिला राहवेना. नखं कापून घेतली. केस धुतले, रडली नाही. मॅडम म्हणाल्या, "हे कसं केलंस?" मी खांदे उडवले. आतून मात्र अशी फुगले!

आत्तापर्यंतच्या माझ्या नोकऱ्या: चष्म्याचं दुकान, छापखाना, मत्स्यालयाची तिकीट खिडकी, धोबीखाना, तीन हॉटेलं. चार महिन्यांवर कुठेच नाही. लोकांना वाटतं मला काढतात. कुणी काढलेलं नाही, मीच जाते. सांगत बसत नाही. एके दिवशी नसतेच. मत्स्यालयात तर माझा डबा अजून तिथेच असेल, कासवाच्या टाकीवरच्या फळीवर. चांगला डबा होता.

चप्पल आज सोफ्याच्या पोटात.

८ फेब्रुवारी, शनिवार

मावशीचा फोन. इकडचं तिकडचं. आई फोनवर आली नाही. मागून तिचा आवाज, "कामात आहे म्हण." तीन वर्षं कामातच आहे. मावशी म्हणाली, तुझी आई हल्ली दुपारची पडतच नाही. जेवण झालं की दाराशी खुर्ची टाकून बसते. निवडायचं, शिवायचं, काहीतरी हातात घेऊन.

म्हटलं, वय झालं, झोप कमी होणारच.

"तिच्या वयाचं तू मला सांगू नकोस, मी तिच्यापेक्षा मोठी आहे. दोनदोन तास झोपते," मावशी म्हणाली आणि ठेवला फोन.

समोर बारा मजली इमारत बांधतायत. क्रेन चालवणारा दिवसभर वर एकटा. बटण आणि मी त्याला हात करतो. काल त्याने केला!

११ फेब्रुवारी

आज भांडण. मॅडम सहाला आल्या तर बटण जमिनीवर आडवी, पाय झाडत. बिस्कीट मोडलेलं दिलं म्हणून. मॅडमनी जवळ घेतलं तर त्यांच्या हनुवटीवर डोकं आपटलं. त्या तशाच बसून राहिल्या, पर्स खांद्यालाच. म्हणाल्या, "दिवसभर लोकांच्या तोंडात बघते. घरी आल्यावर हिचं फक्त उघडं तोंड दिसतं."

हसावं की काय करावं कळेना. मग त्याच म्हणाल्या, "तुझ्यात काही कमी नाही. पण झोप नाही तर माझा इलाज नाही."

पहिल्यांदाच मला कुठेतरी राहायचंय. का, ते माहीत नाही. नववीसारखं 'उत्तीर्ण' लिहून हवंय बहुतेक.

१४ फेब्रुवारी

लिफ्टवाले काका बोलके. स्टूलवर बसून कोडी सोडवतात. आज मला विचारलं, "काय, अडीचची लिफ्ट कधी?"

"म्हणजे?"

"तुमच्या घरातल्या सगळ्या अडीचलाच जातात. आठच्या आठ मीच खाली नेल्या. बॅगेसकट. एकीचा तर कुकर पण होता. कुणी रडत, कुणी शिव्या देत. पण वेळ अडीच. घड्याळ लावावं!"

मी म्हटलं, मी सहाची आहे काका.

"बघू," म्हणाले आणि कोड्यात डोकं घातलं. चार अक्षरी पक्षी हवा होता. मी सांगितला. टिटवी, पण ती तीन. सुतार, तोही तीन. असो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमना विचारलं. आधीच्या सगळ्या अडीचलाच का गेल्या?

"ती वेळ बरी पडते. ती झोपलेली असायची ना तेव्हा."

म्हणजे झोपायची?

"पहिली दोन वर्षं एकच होती. म्हातारीशी होती, गुडघे गेले तिचे. तेव्हा मस्त झोपायची. तिला मीच सांगितलं, झोपेतच निघा, उगाच रडारड नको. नंतरच्यांनाही तेच सांगितलं. मग हळूहळू हिची झोपच गेली. कोपऱ्यात पाच मिनिटं डुलकी लागली की तेवढ्यात निघायचं." मग म्हणाल्या, "मी पण सकाळी मागच्या दाराने जाते. ती कार्टून बघत असते तेव्हा. बूट हातात घेऊन."

मला ते दिसलं. एवढी मोठी डॉक्टर, बूट हातात, स्वतःच्या स्वयंपाकघरातून चोरासारखी!

डोक्यात काहीतरी खडखडायला लागलंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. बाजारात कंगवा घ्यायला गेले होते, एक माणूस घड्याळं दुरुस्त करत होता तिथे पाऊण तास उभी राहिले. कंगवा राहिला. आणि तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं.

चप्पल!

ती खोडी नाहीच. चप्पल नसली की मी जाणार कशी? आठ जणींनी तक्रार केली असेल — पोरगी चपला चोरते. एकीनेही विचार केला नाही! मी केला. मी, दहावी नापास! ती झोपली की माणूस नाहीसं होतं. मग कोण झोपेल? मी तरी झोपले असते का? नाही झोपत म्हणून बाई बदलायची, आणि बाई बदलायची म्हणून ती नाही झोपत. गोल गोल. आठ बायका त्यात दळून निघाल्या, आणि मॅडम पण.

भर बाजारात मोठ्याने हसले. घड्याळवाल्याने चष्म्यावरून बघितलं.

तीन वर्षांपूर्वी मी घरून निघाले तेव्हा आई दुपारची पडली होती. पावणेतीन वाजले असतील. तो वेगळा विषय आहे.

१७ फेब्रुवारी

दुपारी दोनला दोन्ही चपला बटणाच्या हातात दिल्या. माझी पिशवीही. म्हटलं, "मी सहाला जाणार. काटा इथे आला की. आई आल्यावर. जाताना 'चालले' असं ओरडणार. तू दार लावायचं. तोवर हे सगळं तुझ्याकडे."

तिने चपला उशीखाली घातल्या. मळकट, रस्त्यावरच्या! घालू दिल्या.

झोपली नाही. पण पापण्या धरल्या नाहीत.

सहाला ओरडले, "चालले!" तिने दार इतक्या जोरात लावलं की शेजारचे बाहेर आले.

१८ फेब्रुवारी

नाही.

१९ फेब्रुवारी

अकरा मिनिटं!!! दचकून उठली, आधी उशीखाली हात, मग माझ्याकडे बघितलं. "आहेस?" म्हटलं, आहे. परत आडवी झाली, पण झोप गेली होती.

अकरा मिनिटं मी हललेसुद्धा नाही. पायाला मुंग्या आल्या. क्रेनवाल्याने हात केला, त्यालाही उत्तर दिलं नाही. माफ कर बाबा.

२१ फेब्रुवारी

पन्नास मिनिटं. संध्याकाळी मॅडम आल्या तेव्हा बटण त्यांच्या मांडीवर चढून दात तपासत होती. "आ करा. अजून मोठा." मॅडम आ करून बसल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी. बोलता येईना, तोंड उघडं!

मी चालले म्हणून ओरडले आणि लिफ्ट न घेता सात मजले उड्या मारत उतरले. काकांनी खाली विचारलं, "काय, लॉटरी?"

२४ फेब्रुवारी

आज मी फार बोलले. मॅडमना म्हटलं, तुम्ही पण पुढच्या दाराने जा. सांगून.

"ती रडेल."

रडू दे.

"मला शिकवू नकोस! तुला मुलं आहेत का? पुस्तकं वाचून ठरवलंय मी हे."

वाटलं, संपलं. नवव्या बाईची अडीचची लिफ्ट आली. चार दिवस उरलेत आणि मला गप्प बसवत नाही!

२५ फेब्रुवारी

सकाळी मॅडम बूट पायात घालून पुढच्या दाराशी उभ्या. म्हणाल्या, "बाळा, मी चालले." आवाज असा, जसं कुणी त्यांचाच दात काढणार आहे.

बटणाने आकाशपाताळ एक केलं. पायाला मिठी. मी सोडवली. पंधरा मिनिटं रडली, मग खिडकीतून क्रेन बघितली, मग केळं मागितलं. पंधरा! मी घड्याळ लावलं होतं.

लिफ्टवाले काका म्हणाले, मॅडम खालीपर्यंत रडत गेल्या. "मी त्यांना कोडं दिलं सोडवायला. एक शब्द सांगितला त्यांनी. चुकीचा होता. तरी लिहिला."

दुपारी दीड तास झोपली. उशीखाली एकच चप्पल. दुसरी तिने स्वतः दारात नेऊन ठेवली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पास! मॅडम म्हणाल्या, आता कायम. एजन्सीवाल्या काकूंना फोन लावून माझ्यासमोर सांगितलं, "दहावी नको." काकू पलीकडे एवढ्या ओरडल्या की मला इकडे ऐकू आलं, "ती भटकी? ती टिकली?"

टिकली! महिनाच झालाय, पण लिहून ठेवते.

मग मीच म्हटलं, चार दिवस रजा हवी. मॅडमचा चेहरा उतरला. "कुठे?" घरी, आईकडे. "परत येशील ना?" येईन. बुधवारी. बटणाला सांगून जाते.

बटणाला सांगितलं. चार झोपा दुपारच्या, मग मी. तिने चार बोटं दाखवली, एक मोडलं, परत उघडलं. रडली. मीही थोडी. मग आत गेली आणि दोन्ही चपला घेऊन आली, माझ्या पायात घातल्या. उलट्या पायांत. "नवी, चालले म्हण."

तशीच उलट्या चपलांनी लिफ्टपर्यंत गेले.

१ मार्च

घरी. आई दारात खुर्चीवर. "केस का एवढे कापलेस?" एवढंच. जेवायला वाढलं.

जेवताना मी सगळी हकीकत सांगितली. आठ बायका, लिफ्ट, चपला, अकरा मिनिटं. फुशारकी मारतच सांगितली, का नाही मारायची? आई वाढत राहिली. शेवटी म्हणाली, "शहाणी आहे पोर."

माझ्याबद्दल की बटणाबद्दल, विचारलं नाही.

म्हटलं, आई, मंगळवारी जाणार आहे. संध्याकाळच्या गाडीने. तुला सांगून.

"बरं," म्हणाली. उठून ताटं उचलली.

२ मार्च, रविवार, दुपारी तीन

आई झोपलीय. चक्क घोरतेय. खुर्ची रिकामी.

दारात माझी एकच चप्पल आहे. मी शोधत नाहीये.