घाटीवरची घुंगरं

कार्तिक वद्य पंचमी, तिन्हीसांजा

मी सांगते, सूनबाई लिहिते. अक्षराशी माझं मेलीचं कधी जमलं नाही, पण कान अजून शाबूत आहेत.

माझा दामू टपालाची थैली घेऊन लांज्यापर्यंत धावणारा. पावसाळाभर हिवतापाने निजून होता. सोमवारी साहेब त्याला पळवून बघणार. दमला, तर दुसरा माणूस तयारच आहे. म्हणून आठ दिवस खांद्यावर वाळूची पिशवी आणि हातात घुंगरांची काठी घेऊन समोरची घाटी चढतो. मी ओटीवर बसून ऐकते. काल घुंगरं चार वेळा थांबली. "काय रे, वाटेत कोण भेटली होती?" म्हणून चिडवलं, तर हसलासुद्धा नाही.

आज घुंगरं एकदाही थांबली नाहीत. सूनबाई खूश. मी नाही. धावणाऱ्याची घुंगरं पावलागणिक वाजतात. ही आरतीसारखी सलग वाजत होती, आणि एकाच जागेवरून. कुठेतरी बसून हाताने हलवत होता माझा लेक, आम्हाला ऐकू जावं म्हणून.

आल्यावर विचारलं, "जमलं?"

"जमलं, आये."

ओठ निळे पडले होते त्याचे.

इथे सूनबाईचा हात थांबला. तिला हे आत्ताच कळतं आहे. म्हणते, "आत्याबाई, सोमवारी त्यांना जाऊ देऊ नका."

कशी अडवू गं? साहेब बघत असताना तो थांबायचा नाही, हे मला ठाऊक आहे. भय वाटतं ते त्याचंच.