वाडीखालची पातळ साल

४ डिसें., बुध.
दिलीपने एका मुलीला वाडीत आणलं. नाव अनघा, भूकंपाचा अभ्यास करते. कुंपणाजवळ यंत्र पुरायचं म्हणे. पानवेलीत चपला चालत नाहीत म्हटल्यावर लगेच बूट काढून हातात घेतले. शहाणी आहे. अशांनाच जपून राहावं लागतं.
विचारलं, सर्व्हे आहे का?
"नाही हो आजोबा, जमिनीच्या खालचा अभ्यास."
आज खालचा, उद्या वरचा. पोरगा मात्र खूष. गेल्या उन्हाळ्यात हाच म्हणत होता, विहीर खारट होतेय, वाडी रिसॉर्टवाल्याला देऊन टाकू.

६ डिसें.
यंत्र पुरलं. असंच मासवणला, पुढे घाटापर्यंत आणखी. लांब कुठे भूकंप झाला की लाटा जमिनीच्या कवचातून सरपटत येतात. कवच जाड तिथे लांब लाटा रेंगाळतात, पातळ तिथे पुढे पळतात. त्यांच्या वेगावरून जाडी कळते. अनघा म्हणाली, समुद्राकडे पातळ असावं, घाटाखाली जाड.
म्हणजे आपल्याखाली पातळ! दिलीप बाजूला उभा राहून मान डोलावत होता.

७ डिसें.
सकाळपासून विहिरीकडे बघवत नाही. आजोबांनी खोदली, मी आणखी खाली नेली. साल पातळ असताना. शेवटी अनघाला फोन केला. हसली.
"पातळ म्हणजे इथून डहाणू जेवढं लांब, तेवढं खाली. तुमची विहीर म्हणजे ओरखडासुद्धा नाही."
बरं वाटलं. मग वाटलं, दिलीप शिकलेला, त्याने हे का नाही सांगितलं? मला घाबरवून सही...

१० डिसें., मंगळ.
यंत्राजवळ पंप लावू नका, काही आपटू नका, अशी ताकीद आहे. म्हणून दुपारी मुसळ घेऊन गेलो. तीन दणके दिले. खरं यंत्र असेल तर बोलेल.
ही ओट्यावरून ओरडली, "भुईला कशाला मारता? आता तिचा पण संशय आला काय?"

१५ डिसें., रवि.
नवापूरला हिच्या भाचीचं लग्न. दिलीप आला नाही. वेलांना पाणी द्यायचंय म्हणाला.

२१ डिसें., शनि.
अनघा आली. लॅपटॉपवर रेघाच रेघा.
"आजोबा, गेल्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी दुपारी काय आपटलंत? तीनदा?"
पकडलं. यंत्र खरं आहे.
मग एक लांब, संथ लाट दाखवली. पार समुद्रापलीकडचा भूकंप, आपल्याला कळलासुद्धा नाही. अंतराचा हिशेब धरूनही घाटाखाली ती मागे पडली होती. बघतच राहिलो. मी उगाच त्या पोरीवर...
जाताना म्हणाली, "आणि रविवारी सकाळी ठोकाठोक कसली? आमची एक लाट बुडाली त्यात."
रविवारी मी नवापूरला.

२२ डिसें.
कुंपणाच्या कडेने खुंट्या. वर पालापाचोळा टाकलेला. दिलीपला विचारलं.
"नव्या वेलांना आधार नकोत? तुमी पण ना बाबा!"
असेल. नवे वेल लावायचे आहेत खरे. पण एका खुंटीपाशी, ओल्या मातीत, बुटाचा ठसा. दिलीप वाडीत जन्मभर अनवाणी फिरलाय.
हिला सांगितलं नाही.

२४ डिसें.
यंत्र मार्चमध्ये काढायचं ठरलं होतं. अनघाला फोन करून म्हटलं, राहू दे पाऊस पडेपर्यंत. पंप मी लांब हलवतो. तिने दोनदा आभार मानले.
जेवताना दिलीप ताटात बघत म्हणाला, "बाबा, ते यंत्र काढणार कधी?"
"का रे?"
"सहज."