लॉकवर राहिलेलं हँडल

शुक्रवार, २० ऑगस्ट २००४, रिकमन्सवर्थ

आज कालव्यातले तेरा लॉक, म्हणजे बोट पाण्याने वर-खाली करणारे दरवाजेबंद हौद. सरासरी बावीस मिनिटं! दोरी मी, गेट मी, सुकाणूही मी. मेहुण्याचं, हरीशचं, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. सुप्रभा दिवसभर आत बसून. कशालाही हात लावत नाही.

कालचं लिहून ठेवतो. जसं घडलं तसं.

लॉकमध्ये पाणी सोडणारी झडप हँडलने उचलायची, ती खिटीवर अडकते, मग हँडल काढून घ्यायचं. हा पहिला नियम. हँडल तसंच राहिलं आणि कुणी खिटी उचलली, तर झडप धाडकन खाली जाते आणि हँडल पंख्यासारखं फिरतं. हेमेलला झडप मी उचलली आणि लॉकची वेळ वहीत टिपायला लागलो. हँडल तिथेच. वही बंद करत सुप्रभाला ओरडलो, "सोड!" तिने खिटी उचलली. हँडल उडालं ते शेजारी उभ्या हरीशच्या मनगटावर.

आणि मी काय म्हणालो? "हँडल न काढता खिटी उचलतेस? इतकी निष्काळजी!" चार लोकांसमोर.

तिला आता वाटतंय, हँडल तिनेच लावलं होतं.

कॉलेजचं तोंड न पाहता मी डिझेल इंजिन शिकलो. लायब्ररीतल्या पुस्तकांवरून. माझ्याकडून हँडल राहतं?

शनिवार, २१ ऑगस्ट, काउली, दुपारी ४.१०

पोचलो. शेवटचे आठ लॉक.

ठरवलं होतं, सुप्रभाला खरं काय ते डेनमला सांगायचं. डेनमला लॉक खोल, लक्ष हवं. मग अक्सब्रिजला.

अक्सब्रिजला हरीश डाव्या हाताने चहा घेत बसला होता. "जावईबापू, नागपुरात बैलगाडीसुद्धा तुम्हाला ओव्हरटेक करेल!" दातांचा डॉक्टर माणूस. दोन-तीन महिने ड्रिल धरता येणार नाही, पुढेही पकड किती येईल कोण जाणे. तरी थट्टा करतो. सुप्रभाला म्हणाला, "कायले रडतेस बाप्पा? तेवढेच पेशंटचे दात वाचले!"

ती हसली नाही. माझ्याकडे वळली. "अहो, बोट विकून टाका. दादाचा हात माझ्यामुळे गेला. मला ही बघवत नाही."

मी तोंड उघडलं.

"दोरी धर," म्हणालो.

तिने धरली नाही. मीच ती घेऊन काठावर उडी मारली.

रविवार, २२ ऑगस्ट, स्टॅनमोर, घरी

सुप्रभाने हरीशच्या बायकोला, रेखावहिनींना, नागपूरला पत्र लिहिलं. फोनवर बोलवत नाही म्हणे. सकाळभर लिहीत होती. जेवण झाल्यावर माझ्यासमोर ठेवलं. "वाचून बघा. तुम्हाला सगळं नीट आठवतं."

दीड पान. "वहिनी, दादाला मीच जन्माचं दुखणं दिलं. हे मला किती वेळा ओरडून सांगायचे, तरी मी निष्काळजीच."

शब्द माझा! तिने तो तसाच घेतला, आणि वर माझी बाजू मांडली.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"उद्या पोस्टात टाकतो," म्हणालो.

सोमवार, २३ ऑगस्ट

पोस्टाच्या पेटीपाशी पाकीट उघडलं. तिच्या सहीखाली लिहिलं, "हँडल मी विसरलो होतो. सुप्रभाला अजून सांगितलेलं नाही." पाकीट चिकटवून आत टाकलं.

नागपूरला आठ दिवस लागतात. मग वहिनींचा फोन येईल. घरात फोन सुप्रभा उचलते.