खाटीक आणि काळा पाद्री

लाइल,

बाबांना आज तुरुंगातून सोडताहेत. मी त्यांना आणायला चाललोय, जेवायच्या वेळेपर्यंत येऊ. "ते आले तर मी घरात थांबणार नाही," असं तू काल म्हणालास. त्यावर मी वाद घालत नाही.

टेबलावर तो जाडजूड कॉमिक्सचा संग्रह ठेवलाय. तुझा आवडता खाटीक आणि माझा आवडता काळा पाद्री एकमेकांना भिडतात, त्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. शेवटची वाच. अर्धं शिकागो जाळून झाल्यावर दोघं एका टेबलावर बसून अंडी खातात. कुणी कुणाला माफ करत नाही. बंदुकाही मांडीवरच असतात.

फ्रिजमध्ये खिम्याचा मीटलोफ आहे, तेवढा गरम करून ठेव. बाबांना काय विचारायचं ते विचार, आईबद्दलसुद्धा. मी मधे पडणार नाही. पण जेवून मग जा.

रॉस्को