औषधाच्या पिंजऱ्यातले सहा

२ जुलै
अठरावा दिवस. उंदरांना गुंगी देऊन काळ्या पेटीत ठेवलं. टोचलेला रंग गाठीत जाऊन बसतो, कॅमेऱ्याला तिथं उजेड दिसतो. कापाकापी नाही, जीव तसाच परत पिंजऱ्यात. औषधाच्या सहाही जणांच्या गाठी बारीक झाल्यात. सर चक्क हसले. पीएच.डी. सुटेल बहुतेक.

४ जुलै
सहाजण खात नाहीत. खाद्याच्या गोळ्या तशाच पडून. प्राणिघर सांभाळणारे भीमाकाका फार जिवाला लावून घेतात. काहीतरी करून खाऊ घालतो म्हणाले. मी बरं म्हटलं. संध्याकाळी उशीर झालेला, पिंजरा पुन्हा न बघताच पाहणीच्या वहीत सही ठोकली.

७ जुलै
घात झाला. पुन्हा पेटीत ठेवले, तर कॅमेऱ्यात सहाही पोटं लखलखताहेत. बिनऔषधाच्या पिंजऱ्यात तसं काही नाही. म्हणजे आमच्या औषधानंच रोग पसरवला? सर म्हणाले, पसरला की हाल होऊ द्यायचे नाहीत, नियम आहे. दुपारी मीच संपवले. सहा. जेवण गेलं नाही.

८ जुलै
पोटं उघडली. आत गाठ एकही नाही. आतड्यात हिरवा चोथा.
पाल्याचा हिरवेपणाही या कॅमेऱ्यात उजळतो, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. मी शिकवते.
काकांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. "खातच नव्हते मॅडम. मंग तरोट्याचा कवळा पाला तोडून टाकला. आमच्या पोडावर पावसाळ्यात आमी बी हेच खातो. उपाशी कसे ठेवू?"
झरीकडच्या पोडावरचा, आदिवासी वस्तीतला माणूस. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं.

९ जुलै
सर म्हणतात, अहवालात पाल्याचं लिही, कुणी टाकला तेही लिही. म्हणजे काका घरी. न लिहावं तर चांगलं औषध कायमचं बाद. माझ्या सहीचं सरांना ठाऊक नाही.
दिवसभर चिडचिड. कुणावर, ते कळतंय.

१० जुलै
काका रिकामा पिंजरा धूत होते. मान वर न करता विचारलं, "माह्या पाल्यानं मेले काय, मॅडम?"
नाही म्हटलं. खरंच आहे ते. ते बरे होत होते आणि मी मारले, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. मग रोगानंच गेले असतील, असं म्हणून ते पुन्हा घासायला लागले.
अहवाल उद्या द्यायचाय. 'पाला कुणी टाकला' पाशी अडलेय. काकांचं नाव लिहून खोडलं. खाली लिहिलं, 'मला विचारून टाकला.' हेही पूर्ण खरं नाही. सरांना अजून माझ्या सहीचं सांगायचंय.